रिपीटरला फोन जोडला जातो, पण नेट चालत नाही: दोष कुठे आहे ते आधी शोधा

वरच्या खोलीत रिपीटर लावला, फोनवर रेंजच्या सगळ्या काड्या भरल्या, आणि नेटवर्कच्या नावाखाली मात्र ‘इंटरनेट नाही’. असं झालं की बहुतेक घरांत पहिला हात जातो रिसेटच्या भोकाकडे. रिसेटने रिपीटरमधली सगळी माहिती पुसली जाते. दोष राउटरमध्ये असेल तर तो मात्र तसाच राहतो, आणि आता एकाच्या जागी दोन कामं होऊन बसतात.

रिपीटर म्हणा, एक्स्टेंडर म्हणा, त्याच्यामागे तीन जोड असतात. फोन ते रिपीटर हा पहिला, रिपीटर ते राउटर हा दुसरा, राउटर ते नेटवाला हा तिसरा. फोनवरच्या काड्या फक्त पहिल्या जोडाच्या आहेत. दुसरा जोड तुटलेला असला तरी रिपीटर आपलं नाव पसरवत राहतो, फोनचा पासवर्ड स्वतःच तपासतो आणि त्याला आत घेतो. त्यामुळे ‘रेंज तर फुल आहे’ या वाक्याला इथे काही अर्थ नाही. कोणता जोड तुटलाय ते पाच मिनिटांत कळतं, त्यासाठी वेगळं ॲपही लागत नाही.

सुरुवात राउटरपाशी

आधी फोनचा मोबाइल डेटा बंद करा. तो चालू असेल तर वायफायवर नेट नाही असं दिसताच फोन गुपचूप सिमवर जातो आणि तुमची सगळी तपासणी फसवी ठरते. मग रिपीटर बंद करून राउटरच्या शेजारी उभे राहा, राउटरच्या वायफायला फोन जोडा आणि एखादी कधीच न उघडलेली साइट उघडून बघा. इथेच नेट नसेल तर रिपीटर निर्दोष आहे.

फायबरच्या डब्यावरचे, म्हणजे नेटवाल्याने बसवलेल्या राउटरवरचे, दोन दिवे बघा. ‘पॉन’ हिरवा आणि स्थिर हवा, ‘लॉस’ विझलेला हवा. लॉस लाल लुकलुकत असेल तर फायबर कुठेतरी तुटलीय किंवा जास्त वाकलीय, आणि ते काम नेटवाल्या दादांचंच. दोन्ही दिवे ठीक असून नेट नसेल तर प्लॅन संपलाय का बघा. प्लॅन संपला तरी वायफाय दिसत राहतं, फोन जोडलाही जातो. आणि एक लक्षात ठेवा, या डब्याला पिन घालून रिसेट करू नका. त्यात नेटवाल्याचा लॉगिन आयडी, पासवर्ड आणि बाकी सेटिंग भरलेलं असतं. ते पुसलं गेलं की माणूस घरी येईपर्यंत सगळं घर बंद.

राउटरपाशी नेट चालत असेल तर तिथेच उभ्या उभ्या दोन आकडे कागदावर लिहून घ्या. वायफाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या नावापुढे चाक किंवा बाण असतो. तो दाबला की खाली ‘आयपी पत्ता’ आणि ‘गेटवे’ दिसतात. समजा आयपी पत्ता १९२.१६८.१.२३ आणि गेटवे १९२.१६८.१.१ निघाला. आयपी पत्ता म्हणजे घरच्या नेटवर्कमधला तुमच्या फोनचा पत्ता, गेटवे म्हणजे राउटरचा स्वतःचा पत्ता.

आता रिपीटर चालू करा, दोन-तीन मिनिटं जाऊ द्या, त्याच्याजवळ जाऊन फोन त्याला जोडा आणि तेच दोन आकडे पुन्हा वाचा. राउटर आणि रिपीटर दोघांचं नाव एकच ठेवलं असेल तर फोन नेमका कोणाला जोडलाय ते कळत नाही. तपासणीपुरतं तरी रिपीटरचं नाव वेगळं ठेवा.

आकडे काय सांगतात

पत्त्यातले टिंबांनी तोडलेले पहिले तीन आकडे (इथे १९२.१६८.१) तेच, गेटवेही तोच: पत्ता राउटरने दिलाय, म्हणजे दुसरा जोड शाबूत आहे. खात्रीसाठी ब्राउझरच्या पट्टीत गेटवेचा पत्ता टाइप करा, आकडे इंग्रजी कीबोर्डने. राउटरचं लॉगिन पान उघडलं तर फोनपासून राउटरपर्यंतचा रस्ता धड आहे. दोष मग राउटरच्या एखाद्या बंधनात, डीएनएसमध्ये (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सोय) किंवा तुमच्या फोनमध्ये.

पहिले तीन आकडे वेगळे, उदाहरणार्थ १९२.१६८.१०.५, आणि गेटवे रिपीटरचाच: रिपीटर स्वतःच पत्ते वाटतोय. एकतर त्याला राउटर सापडलेला नाही, किंवा तो रिपीटरऐवजी राउटर मोडवर आहे. सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.

‘आयपी पत्ता मिळवत आहे’ वर फोन अडकून राहतो, किंवा लॅपटॉपवर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो: पत्ता द्यायला कोणीच नाही. दुसरा जोड तुटलाय आणि रिपीटरचं पत्ते वाटणंही बंद आहे, रिपीटर ॲक्सेस पॉइंट मोडवर (म्हणजे केबलमधून आलेलं नेट पसरवण्यावर) असून त्याला केबल नाही, किंवा राउटरकडचे पत्तेच संपलेत.

बहुतेक रिपीटरवर एक रेंजचा दिवा असतो, काहींवर तो निळा-लाल असा रंग बदलतो. लाल किंवा विझलेला म्हणजे राउटर सापडत नाही किंवा फार लांब आहे. पण स्वस्तातल्या रिपीटरचा दिवा खोटंही बोलतो, राउटरचं नाव ऐकू आलं तरी पेटतो. आकड्यांवर जास्त विश्वास ठेवा.

दुसरा जोड तुटण्याची कारणं

पासवर्ड बदलला. शेजारच्या पोरांनी नेट वापरलं म्हणून राउटरचा पासवर्ड बदलला, पण रिपीटरमध्ये जुनाच राहिला. रिपीटरने बसवताना राउटरचा पासवर्ड स्वतःसाठीही उचललेला असतो. म्हणून फोन जुन्या पासवर्डने रिपीटरला जोडला जातो, आणि रिपीटर त्याच जुन्या पासवर्डने राउटरच्या दारात अडकतो. खूण सोपी आहे: रिपीटरला अजून जुना पासवर्ड चालतोय का बघा. चालत असेल तर कारण सापडलं.

डबा बदलला. नेटवाल्याने नवीन राउटर दिला, नाव-पासवर्ड जुनेच ठेवून दिले, तरी काही रिपीटर जुन्या राउटरचा मॅक पत्ता (उपकरणाचा ओळख क्रमांक) धरून बसतात. नव्याने जोडावं लागतं. नव्या डब्यात आणखी एक भानगड असू शकते, सुरक्षा डब्ल्यूपीए३ या वायफायच्या नव्या पद्धतीवर ठेवलेली असते. जुन्या रिपीटरला ते येत नाही आणि ‘येत नाही’ असं तो सांगतही नाही, नुसता प्रयत्न करत राहतो. राउटरमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी (वायफायच्या लहरींचे दोन पट्टे म्हणजे बँड असतात, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ) डब्ल्यूपीए२-पीएसके, एईएस ही जुनी सुरक्षा निवडा.

बँड आणि चॅनल. स्वस्त रिपीटर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटरने दोन्ही बँडना एकच नाव दिलं असेल तर जोडताना २.४ ला वेगळं नाव द्या. चॅनल, म्हणजे बँडमधली छोटी पट्टी, ‘ऑटो’ असेल तर लाइट जाऊन आल्यावर राउटर वेगळ्याच चॅनलवर उठू शकतो. भारतात १३ चॅनल चालतात, पण काही रिपीटर ११ च्या पुढचे ऐकतच नाहीत. राउटरचा चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी एकावर कायम करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. दाट वस्तीत रुंदी वाढवून वेग वाढत नाही, शेजाऱ्यांशी टक्कर तेवढी वाढते.

मोडचं बटण. काही रिपीटरच्या कडेला छोटी सरकपट्टी असते: रिपीटर, एपी (ॲक्सेस पॉइंट), राउटर. साफसफाईत फडक्याने ती सरकते. ‘एपी’वर गेली की त्याला केबलने नेट हवं असतं, आणि केबल तर नाहीच. पट्टी जागेवर आणून रिपीटर बंद-चालू करा.

केबलचं उलट प्रकरणही होतं. रिपीटर मोडवर असतानाच कोणीतरी वेग वाढेल म्हणून राउटरकडून केबलही लावतं. हवेतून एक रस्ता, तारेतून दुसरा, आणि नेटवर्कमध्ये चक्कर तयार होते. मग रिपीटरच नव्हे, अख्ख्या घराचं नेट बसतं. केबल काढली की मिनिटभरात सुधारतं.

पत्त्यांची टक्कर. रिपीटरला हाताने १९२.१६८.१.१ हा पत्ता दिलाय आणि राउटरचाही तोच आहे, तर नेट कधी चालतं, कधी नाही. राउटरचं पान उघडायला जावं तर रिपीटरचं उघडतं. रिपीटरच्या लॅन सेटिंगमध्ये पत्ता आपोआप घेण्यावर ठेवा. हाताने द्यायचाच असेल तर राउटरच्या वाटपाबाहेरचा द्या, जसं १९२.१६८.१.२५०, आणि गेटवे १९२.१६८.१.१. डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याची सोय) ‘ऑटो’ किंवा ‘बंद’ ठेवा, कायम ‘चालू’ नको. ‘ऑटो’मध्ये राउटर सापडला नाही तरच रिपीटर पत्ते वाटतो, म्हणजे निदान त्याचं सेटिंग पान उघडता येतं.

जोड शाबूत असूनही नेट नसेल तर

राउटरमध्ये मॅक फिल्टर लावलाय का बघा. रिपीटरमागून येणाऱ्या फोनचा मॅक पत्ता राउटरला वेगळाच दिसू शकतो. त्यामुळे परवानगीच्या यादीत फोन असूनही अडवला जातो. मुलांसाठी लावलेलं वेळेचं बंधन, पाहुण्यांचं गेस्ट नेटवर्क हेही तपासा. गेस्ट नेटवर्कला रिपीटर कधी जोडू नये, तिथे उपकरणं एकमेकांपासून तोडलेली असतात.

राउटरच्या डीएचसीपी पानावर पत्त्यांचा पल्ला असतो. तो १०० ते ११० असा असेल तर फक्त ११ पत्ते आहेत. दोन टीव्ही, कॅमेरे, चार-पाच फोन आणि लॅपटॉप यांतच ते संपतात. १० ते २०० करा.

एकाच फोनवर नेट नाही आणि बाकीच्यांवर आहे, तर रिपीटरला हात लावू नका. त्या फोनमधून नेटवर्क ‘विसरा’ करून पुन्हा जोडा. अँड्रॉइडवर ‘प्रायव्हेट डीएनएस’मध्ये एखादं नाव भरलेलं असेल तर ते ‘ऑटोमॅटिक’ करा. व्हीपीएन बंद करा. तारीख-वेळ चुकली असेल तर सुरक्षित साइट उघडत नाहीत आणि ते नेट नसल्यासारखंच दिसतं. लॅपटॉप असेल तर कमांड खिडकीत ping 8.8.8.8 टाइप करा (८.८.८.८ हा गूगलच्या डीएनएसचा पत्ता). उत्तर येतं पण साइट उघडत नाही, म्हणजे दोष डीएनएसचा. तिथे डीएनएस म्हणून ८.८.८.८ हाताने भरून बघा.

लाइट, ऊन आणि पाण्याची टाकी

सोलापुरात या दोषाचा मोठा भाग सेटिंगमध्ये नसतोच. लाइट गेली आणि आली की रिपीटर मिनिटभरात उठतो, फायबरच्या डब्याला मात्र त्याहून बराच जास्त वेळ लागतो. रिपीटर शोधतो, राउटर अजून उठलेला नाही. चांगला रिपीटर पुन्हा पुन्हा शोधतो. स्वस्तातला एकदा शोधून गप्प बसतो आणि स्वतःचे पत्ते वाटायला लागतो. लाइट आल्यावर पाच मिनिटांनी नुसता रिपीटर बंद-चालू केला की काम होतं. रोजच हे होत असेल तर राउटरला १२ व्होल्टचा मिनी यूपीएस लावा. घेताना ॲडॅप्टरवरचे अँपिअर बघून घ्या, १ अँपिअरच्या यूपीएसवर २ अँपिअरचा डबा तग धरत नाही. यूपीएसवर राउटर चालूच राहतो, लाइट आल्यावर रिपीटर उठतो तेव्हा तो हजर असतो.

घरातच किंवा भिंतीपलीकडे यंत्रमाग असतील तर माग सुरू होताना दिवा क्षणभर मंदावतो, तसा रिपीटरही डुलकी घेऊन पुन्हा सुरू होतो. त्याला मागाच्या लाइनवर लावू नका. बोर्डातलं सॉकेट सैल असेल तरी हेच होतं.

उन्हाचं गणित अगदी सरळ आहे. घरगुती रिपीटरच्या माहितीपत्रकात चालण्याचं तापमान बहुधा ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे सावलीतच पारा ४० च्या वर जातो, मग पत्र्याखाली काय होत असेल ते सांगायला नको. दुपारी दोनला नेट जातं आणि रात्री नऊला आपोआप येतं, अशी वेळ जुळत असेल तर रिपीटरला हात लावून बघा. चटका बसत असेल तर तो पत्र्यापासून खाली, कमरेच्या उंचीच्या बोर्डावर आणा. जाळीवर कापड, पडदा किंवा कॅलेंडर नको.

पाणी काही दिवसांआड येतं म्हणून घरोघरी टाक्या आणि बॅरल भरून ठेवलेले असतात, पुष्कळदा जिन्याखाली किंवा मधल्या बोळात. २.४ गिगाहर्ट्झची लहर पाणी शोषून घेतं. राउटर आणि रिपीटर यांच्या सरळ रेषेत भरलेली टाकी असेल तर पाणी आलं त्या दिवशी नेट मंदावतं आणि टाकी उतरली की सुधारतं. नेटवाला ज्या दिवशी बघायला येतो त्या दिवशी टाकी रिकामी असते, हे ओघाने आलंच. रिपीटर हातभर बाजूला सरकवला तरी फरक पडतो.

जागेचा नियम एकच: जिथे रेंज नाही तिथे रिपीटर लावायचा नाही, जिथे राउटरची रेंज अजून चांगली आहे तिथे लावायचा. ज्या बोर्डावर लावायचाय तिथे फोन धरा, राउटरला जोडा, वायफाय ॲनालायझरसारख्या ॲपमध्ये आकडा वाचा. उणे ५० ते उणे ६५ चांगला. उणे ७० च्या खाली गेला तर फोन जोडला जाईल पण नेट अडखळेल. पेठांमधल्या जुन्या वाड्यांच्या दीड-दोन फुटी दगडी भिंतीतून ५ गिगाहर्ट्झ जात नाही, २.४ सुद्धा कसाबसा जातो. अशा घरात भिंतीतून नेण्याचा हट्ट सोडा, दारांच्या रेषेत किंवा जिन्याच्या मधल्या वळणावर रिपीटर लावा. स्लॅबपेक्षा जिन्याची मोकळी जागा लहरीला सोपी पडते. पत्र्याची भिंत मात्र पूर्णच अडवते, खिडकी किंवा दरवाजा शोधावाच लागतो.

नव्याने जोडायचं असेल तर

कारण सापडलं, आता रिसेट करायला हरकत नाही. हे सगळं राउटरपासून दोन-तीन पावलांवर करा, शेवटच्या जागी नाही.

१. रिपीटर चालू ठेवून भोकात पिन ८ ते १० सेकंद दाबा, सगळे दिवे लुकलुकले की सोडा. दोन मिनिटं थांबा.

२. मोबाइल डेटा बंद ठेवून फोन रिपीटरच्या मूळ नावाला जोडा. ‘इंटरनेट नाही, जोडलेले राहायचे का’ असं फोन विचारेल, ‘हो’ म्हणा. नाहीतर तो लगेच उडी मारून दुसरीकडे जाईल आणि पान उघडणार नाही.

३. ब्राउझरमध्ये रिपीटरचा पत्ता टाका. तो मागच्या स्टिकरवर असतो: टीपी-लिंकचा बहुधा १९२.१६८.०.२५४, बिननावाच्या ३०० एमबीपीएसवाल्यांचा बहुधा १९२.१६८.१०.१.

४. यादीतून आपल्या राउटरचं २.४ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. शेजाऱ्याच्या राउटरचं नाव कंपनीने तेच ठेवलेलं असू शकतं, शेवटची अक्षरं नीट वाचा.

५. राउटरचा पासवर्ड टाका. तो ८ ते ६३ अक्षरांचा असतो, पण स्वस्त रिपीटर मधली मोकळी जागा आणि विचित्र चिन्हं गिळतात. साधी इंग्रजी अक्षरं आणि आकडे असलेला पासवर्ड राउटरलाच द्या, डोकेदुखी वाचते.

६. रिपीटरला वेगळं नाव द्या, जतन करा, दोन मिनिटं थांबा.

७. तिथेच आयपी पत्ता तपासा. पहिले तीन आकडे राउटरसारखे आले आणि साइट उघडली, तर प्लग काढून ठरलेल्या जागी न्या. सेटिंग जात नाही.

जोडणी झाल्यावर रिपीटरचा जुना पत्ता उघडेनासा होतो, कारण आता त्याला राउटरने नवा पत्ता दिलेला असतो. राउटरच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तो सापडतो. पासवर्ड न टाकता डब्ल्यूपीएस बटणानेही जोडता येतं: राउटरचं दाबा, दोन मिनिटांच्या आत रिपीटरचं दाबा. राउटरचं नाव लपवलेलं असेल किंवा सुरक्षा फक्त डब्ल्यूपीए३ असेल तर मात्र या बटणाच्या नादी लागू नका.

राउटरजवळ चालतं आणि वर नेल्यावर बंद पडतं, तर दोष जागेचा. राउटरजवळही पत्ता वेगळाच येतो, तर पासवर्ड, सुरक्षा किंवा मोड यांपैकी एक. सगळं बरोबर असून राउटरजवळही जोडत नसेल तर दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झ आणि डब्ल्यूपीए२ वर सुरू करून रिपीटर त्याला जोडून बघा. तिथे चालला तर राउटरच्या सेटिंगमध्ये बघा. तिथेही नाही, तर रिपीटर गेला. वॉरंटी असेल तर बदलून घ्या, दुरुस्तीच्या मागे लागण्यासारखी ती वस्तू नाही.

वेगाबद्दल तक्रार करण्याआधी एवढं लक्षात घ्या की एकाच बँडचा रिपीटर ऐकतो आणि बोलतो एकाच रेडिओवर, म्हणून वेग निम्म्यापर्यंत उतरणारच. रिपीटरला दुसरा रिपीटर जोडला तर आणखी निम्मा.

घर लांबट असेल, भिंती दगडी असतील किंवा वर मुलाचं ऑनलाइन काम चालत असेल, तर आमचा कौल केबललाच. राउटरच्या लॅन पोर्टमधून कॅट ६ केबल वर न्या, १०० मीटरपर्यंत चालते. रिपीटरला लॅन पोर्ट असेल तर तोच ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकून केबल लावा, नवीन काही घ्यायला नको. जुना राउटर पडून असेल तर त्याचा डीएचसीपी बंद करा, पत्ता १९२.१६८.१.२ करा आणि केबल त्याच्या वॅन (बाहेरून नेट घेणाऱ्या) पोर्टमध्ये नाही, लॅन पोर्टमध्ये घाला. गच्चीवरून नेणार असाल तर बाहेर वापरायची काळ्या आवरणाची केबल घ्या. घरातली राखाडी केबल इथल्या उन्हात तडकते. लाइटच्या वायरीच्या पाइपातून ती ओढू नका, वेगळा पाइप टाका.